नाव तेच, वर्ग दुसरा

‘ऑर्ग.अपाची.जेएसपी.वेब_००२डीइन्फ.पाने.नवी_००२डीयादी_जेएसपी’. टॉमकॅट या जावा सर्व्हरच्या लॉगमध्ये एरर आली की अशा नावावरून नजर घसरत पुढच्या ओळीवर जाते, कारण खरी गडबड पुढे असते. शब्दांचा नाद असलेल्या माणसाने मात्र इथेच बसकण मारावी. फाइलचे मूळ नाव अगदी साधे: वेब-इन्फ फोल्डरात ‘पाने’ नावाचा फोल्डर, त्यात ‘नवी-यादी.जेएसपी’ हे जावाचे वेब-पान. टॉमकॅटमधल्या जॅस्पर या कंपायलरने त्या फाइलचा सर्व्हलेट, म्हणजे सर्व्हरवर चालणारा जावा प्रोग्राम, केला. सर्व्हलेटला क्लास लागतो, क्लासला नाव लागते, आणि जावाच्या नावात हायफन चालत नाही. ‘नवी-यादी’ हे जावा ‘नवी वजा यादी’ असे वाचते. म्हणून हायफन काढून त्याच्या जागी ‘_००२डी’ घातले. षोडशमानातल्या २डीचे आपले होतात ४५, आणि युनिकोडमध्ये हायफनचा क्रमांक तोच. टिंबाच्या जागी नुसती अधोरेखा आली, आणि पुढे ‘ऑर्ग.अपाची.जेएसपी’ हे घराणे जोडले गेले.

गंमत हायफनपासूनच सुरू होते. ग्रीकमध्ये ‘हुफ् हेन्’ म्हणजे ‘एकाखाली’, एकत्र. त्यातला ‘हुपो’ हा आपल्या ‘उप’चा सख्खा भाऊ, आणि ‘हेन्’ हा ‘सम’च्या कुळातला दिसतो. आरंभीच्या ‘स’चा ग्रीकांनी ‘ह’ केला. इराणी लोकांनीही ‘सप्त’चा ‘हफ्त’ केला, त्याचा ‘हफ्ता’ झाला आणि आपण तो ‘हप्ता’ म्हणून फेडत बसलो. जुन्या ग्रीक लेखनात हे चिन्ह अक्षरांच्या मधे नसे, खाली असे: दोन शब्द एकत्र वाचावेत म्हणून तळाशी काढलेली कमान. पुढे ते वर सरकून मधे आले. आता जॅस्पर हायफन पुसून तिथे काय ठेवतो, तर खालची रेघ. त्याला ग्रीक येत असावे असे नाही, पण हायफन बिचारा आपल्या मूळ जागी परत गेला खरा.

त्या रेघेचे इंग्रजी नाव अंडरस्कोअर. त्यातला ‘स्कोअर’ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला, अर्थ ‘खाच’. काठीवर खाचा पाडून गुरे मोजायची आणि वीस झाली की ठळक खाच पाडायची. त्यामुळे स्कोअर म्हणजे वीस हा अर्थ रुळला असावा. आपल्याकडची ‘कोडी’ही विसाचीच, आणि ‘तीन विसा नि पाच’ अशी मोजणी खेड्यांतून ऐकू येत असे. क्रिकेटचा स्कोअर विचारणारा माणूस त्याच काठीकडे बोट दाखवतो. अंडरस्कोअर टाइपरायटरवर आला तो शब्दाखाली रेघ मारायला. संगणकावर ते काम सुटले, पण कळ शिल्लक राहिली, आणि दुसरा कुठलाच अर्थ चिकटलेला नसल्यामुळे नावे जोडायला ती सोयीची ठरली.

आता पेच असा, की फाइलच्या नावातच अधोरेखा असेल तर काय? ‘नवी_यादी.जेएसपी’चे होते ‘नवी_००५एफयादी_जेएसपी’, कारण ५एफ म्हणजे ९५, हा खुद्द अधोरेखेचा क्रमांक. म्हणजे रेघ स्वतःचीही सुटका करून घेत नाही. हा अट्टाहास वाटेल, पण त्यामागे चोख हिशेब आहे. एखाद्या इरसाल माणसाने फाइलचे नावच ‘नवी_००२डीयादी’ ठेवले, तर ते ‘नवी-यादी’च्या रूपांतराशी जाऊन भिडेल. रेघेचेही रूपांतर केले की ती टक्कर टळते. दोन वेगळी मुळे कधीही एका रूपाला येऊ नयेत, एवढीच अट आहे.

या नावे बदलण्याला प्रोग्रामर ‘मँगलिंग’ म्हणतात. इंग्रजीत मँगल दोन. एक नॉर्मन फ्रेंचमधून आलेला, ‘कापाकापी करून विद्रूप करणे’ या अर्थाचा. दुसरा डच ‘मांगेल’, म्हणजे धुतलेले कपडे दाबून पिळणारे यंत्र. या दुसऱ्याचा माग ग्रीक ‘मांगनॉन’पर्यंत लागतो, आणि त्याच ग्रीक शब्दाची अरबी शाखा ‘मंजनीक’ ही फारसी तवारिखांत किल्ल्यांच्या वेढ्यात धोंडे फेकताना भेटते. प्रोग्रामरच्या मनात पहिलाच मँगल असावा. लॉगमधले नाव पाहिल्यावर कापाकापीच आठवते.

मला त्याला ‘अपभ्रंश’ म्हणावेसे वाटते, आणि तेही पतंजलीच्या जुन्या अर्थाने. महाभाष्यात तो सांगतो की शुद्ध शब्द एक आणि त्याचे अपभ्रंश अनेक. ‘गो’ या एका शब्दाला लोक गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे काय काय म्हणतात. जेएसपीच्या जगात फिरून आल्यास त्याला परके वाटणार नाही. ‘इंडेक्स.जेएसपी’ हे एकच पान घ्या. आजच्या टॉमकॅटवर ते ‘इंडेक्स_जेएसपी’. टॉमकॅट ४.०वर ते ‘इंडेक्स$जेएसपी’ होते. दुसऱ्या सर्व्हरांवर, म्हणजे वेबलॉजिकवर गेले की ‘जेएसपी_सर्व्हलेट.__इंडेक्स’, वेबस्फिअरवर ‘कॉम.आयबीएम._जेएसपी._इंडेक्स’, रेझिनवर ‘_जेएसपी._इंडेक्स__जेएसपी’. बोली बदलली की रूप बदलते. (इंडेक्समधला ‘डेक्स’ हा आपल्या ‘दिश्’ धातूचा, निर्देशातला, त्यामुळे ‘निर्देशिका’ म्हणताना आपण भाषांतर कमी आणि भाऊबंदकी जास्त करतो.) टॉमकॅटमधले सगळ्यांत जुने रूप टॉमकॅट ३चे: ‘_०००२एफइंडेक्स_०००२ईजेएसपीइंडेक्स_जेएसपी_०’. यात तिरकी रेघ आहे, टिंब आहे, सगळे नाव दोनदा आहे. आर्ष प्रयोगच म्हणायचा. त्याच्या शेपटीला जे शून्य लटकले आहे ते मात्र विसरू नका. त्याच्याकडे परत यायचे आहे.

पतंजलीचे अपभ्रंश आणि जॅस्परचे अपभ्रंश यांत एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. प्राकृताने शब्द झिजवले ते मागे वळून न बघता. ‘पृष्ठ’चे ‘पट्ठ’ झाले, त्याची मराठीत ‘पाठ’ झाली, आणि इकडे संस्कृत ‘पठ्’पासूनचा ‘पाठ’ जसाच्या तसा येऊन तिच्या शेजारी बसला. ‘पर्ण’चे ‘पान’ झाले, तर ‘पा’ धातूचे ‘पान’ सुरापानात आधीपासून होतेच. ‘नाम’ झिजून ‘नाव’, ‘नौ’ विस्तारून ‘नाव’. रूपे एक झाली आणि मुळे गळून गेली. ती शोधायला मग आपल्यासारखे रिकामटेकडे लागतात. जॅस्परच्या अपभ्रंशातून मूळ नाव सहसा परत काढता येते. भाषेने असे केले असते तर व्युत्पत्तिकोशांची गरज उरली नसती, आणि बोलताना दम लागला असता.

जाता जाता ‘मुखपृष्ठ’ या शब्दाकडे पाहा: तोंड आणि पाठ एकाच शब्दात, आणि पुस्तकाचे मागचे पान दाखवायला आपण पुन्हा ‘मलपृष्ठ’ शोधून काढले.

आता खुद्द जॅस्पर. तो एक खडा आहे. लॅटिन ‘इआस्पिस’, ग्रीक ‘इआस्पिस’, हिब्रू ‘याश्फे’, आणि या सगळ्यांच्या मागे बाबिलोनकडच्या अक्कादी भाषेतला ‘यश्पू’. अरबी-फारसीत तोच ‘यशब’, आणि युनानी औषधांत ‘संग-ए-यशब’ म्हणून तो आपल्याही ओळखीचा. तिथे नाव जॅस्परचे, खडा जेडचा. जेएसपीच्या विनिर्देशात या कंपायलरच्या कामाच्या पायरीला ‘ट्रान्सलेशन’ म्हटले आहे: आधी पानाचा जावात अनुवाद, मग कंपाइल. अनुवादाला आपला दरबारी शब्द ‘तर्जुमा’. तो अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला, पण अरबीने तो अरामीकडून घेतलेला, आणि अरामीच्याही मागे अक्कादी ‘तर्गुमन्नू’, दुभाषा. म्हणजे ‘जॅस्परने पानाचा तर्जुमा केला’ असे एक वाक्य लिहावे, तर त्यातले कर्ता आणि कर्म दोघे अक्कादच्या एकाच बाजारात उठत-बसत असावेत. ही जुळणी कोणी ठरवून केलेली नाही, म्हणून तर तिची चव.

‘कंपाइल’ची कुंडली तेवढी शुद्ध नाही. लॅटिन ‘कॉम्पिलारे’ म्हणजे लुटणे. दुसऱ्यांच्या ग्रंथांतून उतारे उचलून ग्रंथ करणारा तो ‘कॉम्पिलातोर’; शिवी होती ती. आपला ‘संकलक’ त्या मानाने सज्जन. ‘लीलावती’ या संस्कृत गणितग्रंथात ‘संकलित’ म्हणजे बेरीज आणि ‘व्यवकलित’ म्हणजे वजाबाकी. लॅटिनमध्ये लूट, संस्कृतात बेरीज. हाताखाली काम करणारा प्रोग्रामर दोन्हींना ‘कंपाइल मार’ म्हणतो आणि चहाला जातो.

खरी खाण ‘क्लास’मध्ये आहे. लॅटिन ‘क्लासिस’चे दोन मोठे अर्थ: मालमत्तेनुसार पाडलेला नागरिकांचा थर, आणि आरमार. रोमचा राजा सर्व्हिअस टुलिअस याने मालमत्ता पाहून नागरिकांचे असे पाच थर पाडले, अशी रोमन परंपरा. मूळ अर्थ ‘हाकारा’ असावा, लढाईसाठी बोलावलेली माणसे. ‘कालारे’ म्हणजे पुकारणे, त्याचीच बहीण ‘कॅलेंडर’मध्ये बसली आहे. संस्कृतात कोंबड्याला ‘उषाकल’ म्हणतात, पहाटे पुकारणारा, त्यातला ‘कल’ याच घराण्यातला मानतात. वरच्या थरातला तो ‘क्लासिकुस’. रोमन लेखक ऑलुस गेलिअसने हे विशेषण लेखकांना लावले आणि तिथून ‘क्लासिकल’ निघाला. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने जो दर्जा दिला तो इंग्रजीत ‘क्लासिकल’ आणि आपल्याकडे ‘अभिजात’. रोमन माणसाचा मोठेपणा कराच्या पावतीवरून ठरे, आपला जन्मावरून. शब्द काही लपवत नाहीत.

आपण क्लासला ‘वर्ग’ म्हणतो. ‘वृज्’ धातूचा अर्थ वळवणे, वेचून बाजूला काढणे, वगळणे. ‘वर्ज्य’ त्याच धातूचा. तेव्हा वर्ग म्हणजे मुळात इतरांपासून वेगळे काढलेले असावेत. क-वर्ग, च-वर्ग हे तसेच. अमरकोशाचे वर्गही तसेच. गणितात तो चौरस झाला: आर्यभटाने ४९९मध्ये समान बाजूंच्या चौकोनालाही वर्ग म्हटले आणि दोन समान संख्यांच्या गुणाकारालाही. मराठीने मात्र या शब्दाला एक असे वळण दिले आहे की मी त्यावर फिदा आहे. बँकेतला माणूस म्हणतो, ‘रक्कम चालू खात्यात वर्ग केली’. कचेरीत जमीन एका खात्याकडून दुसऱ्याकडे ‘वर्ग होते’. खतावणीत एका सदरातून उचलून दुसऱ्या सदरात टाकायचे, त्यावरून हा अर्थ आला असे दिसते. म्हणजे मराठीत ‘वर्ग’ हे नुसते टोपले नाही. एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात जाणेही त्यातच आहे. जावाच्या क्लासला हे वर्णन तंतोतंत लागू पडते, ते पुढे दिसेल. शाळेत ‘इयत्ता’ (इयत् म्हणजे ‘एवढे’, तेव्हा इयत्ता म्हणजे एवढेपणा), गल्लीत ‘क्लास लावणे’, घरी उशिरा आल्यावर आईने ‘क्लास घेणे’ हे सगळे आहेच. प्रोग्रामिंगमध्ये हा शब्द टोनी होरच्या ‘रेकॉर्ड क्लास’वरून नॉर्वेच्या सिम्युला ६७ या भाषेत आला आणि तिथून सगळीकडे पसरला.

आणि ‘लोड’. मराठी कानाला वाटते, हा तर आपला ‘लादणे’. फसगत आहे. ‘लादणे’च्या मागे प्राकृत ‘लद्द’ आणि त्याच्या मागे ‘लर्द्’ असावा. फळांनी लदलेले झाड याच कुळातले. इंग्रजी ‘लोड’ मुळात ‘लाद’, अर्थ ‘वाट’. ध्रुवताऱ्याला ‘लोडस्टार’ म्हणतात तो वाट दाखवतो म्हणून. ओझ्याचा अर्थ त्याला ‘लेड’ या दुसऱ्या क्रियापदाच्या शेजारामुळे चिकटला. तिकडची ‘लाद’ आणि इकडची ‘लाद’ यांचे नाते फक्त आवाजाचे. ‘लोड नको घेऊस’ असे पोरे म्हणतात तो लोड इंग्रजी, आणि बैठकीत पाठीशी असतो तो निराळाच.

क्लास लोड होणे याला मराठीत ‘दाखल होणे’ म्हणावे. अरबी ‘दाखिल’ म्हणजे आत शिरणारा. उलट ‘खारिज’, बाहेर पडणारा. (शाळा सोडताना मिळणाऱ्या कागदालाही आपण ‘दाखला’च म्हणतो, हा एक विनोदच.) दाखल करणारा तो लोडर, आणि लोडरांची वंशावळ असते. मुळाशी बूटस्ट्रॅप लोडर, अक्षरशः स्वयंभू: जावाच्या ‘स्ट्रिंग’ला विचारले, तुला कोणी आणले, तर उत्तर येते ‘नल’. त्याच्या खाली इतर. साधारण रिवाज असा की क्लास मागितला की लोडर आधी आपल्या पालकाला विचारतो, त्याच्याकडे नसेल तरच स्वतः शोधतो. वेब अ‍ॅप्लिकेशनचा लोडर हा रिवाज मोडून बहुतेक गोष्टी आधी घरात शोधतो. जॅस्परचा लोडर तिसऱ्या तऱ्हेचा: नाव ‘ऑर्ग.अपाची.जेएसपी’ने सुरू होत असेल तर ते माझे, बाकी सगळे वडिलांकडे. घराण्याचे नाव उगीच लावलेले नव्हते. त्यावरूनच तो आपले आणि परके ओळखतो.

आता ते शेपटीचे शून्य. एकच लोडर एका नावाचा क्लास दुसऱ्यांदा दाखल करून घेत नाही. पण पान तर रोज बदलते. टॉमकॅट ३ने तोड काढली: पान बदलून पुन्हा कंपाइल झाले की ‘_०’चे ‘_१’, मग ‘_२’. नाव बदलले, म्हणजे क्लासही नवा. नंतरच्या टॉमकॅटने युक्ती उलटी केली. नाव तेच ठेवायचे आणि लोडर बदलायचा. प्रत्येक पानाला स्वतंत्र छोटा लोडर. पान बदलले की जुना लोडर टाकून द्यायचा, नव्याकडून त्याच नावाचा क्लास दाखल करून घ्यायचा. डेव्हलपमेंट मोडमध्ये फाइल बदलली का, हे डीफॉल्टने चार सेकंदांच्या अंतराने तपासले जाते. जुना क्लास एकट्याने खारीज होत नाही. त्याचा लोडर कचऱ्यात गेला तरच तो जातो. कुणी त्या क्लासच्या एखाद्या वस्तूला कुठे घट्ट धरून ठेवले असेल, तर अख्खा लोडर तिच्यासाठी तिष्ठत राहतो आणि मेमरी भरत जाते.

याचाच अर्थ जावात क्लासची ओळख नावाने पुरी होत नाही. नाव आणि दाखल करणारा लोडर मिळून ओळख; नुसते ‘पाटील’ सांगून भागत नाही, ‘कुठले’ हा प्रश्न येतोच. आरंभीच्या जावाला हे नीट उमगले नव्हते. विजय सारस्वत यांनी १९९७मध्ये दाखवून दिले की दोन लोडरांनी आणलेले एकाच नावाचे दोन क्लास यंत्राला गोंधळात पाडतात. शेंग लिआंग आणि गिलाड ब्राचा यांनी १९९८च्या निबंधात त्यावर उपाय मांडला. त्यानंतरही ती प्रसिद्ध एरर अधूनमधून भेटतेच: अमुक क्लासचे अमुक क्लासमध्ये रूपांतर होत नाही, आणि दोन्हीकडे नाव अक्षरशः तेच. नवशिका चक्रावतो. व्युत्पत्तीवाल्याने चक्रावू नये. ‘ती पाठ’ आणि ‘तो पाठ’ यांचेही एकमेकांत रूपांतर होत नाही. ‘ते नाव’ आणि ‘ती नाव’ यांचेही नाही. मराठी लिंगावरून ओळखते, जावा लोडरवरून. आणि लॅटिन ‘क्लासिस’ म्हणजे आरमार हे आठवले, तर क्लासच्या नावाची चर्चा थेट बंदरावर जाऊन पोचते. पण तो मोह आवरलेला बरा.

शेवटी मोठे नामांतर. ‘जावा’ हे बेटाच्या कॉफीवरून आलेले नाव, आणि बेटाचे नाव ‘यवद्वीप’, जे वाल्मीकीला ठाऊक होते. टॉलेमीनेही ‘इआबादिऊ’ म्हणून त्याची नोंद केली आणि अर्थ जवाचे बेट असा सांगितला. (आपल्या घरातल्या ‘जावा’ वेगळ्या, ‘जाऊ’ ही ‘यातृ’वरून.) हे नाव ओरॅकलचे व्यापारचिन्ह असल्यामुळे जेएसपीसकट सर्व्हरवरच्या जावाचा सगळा संच एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर नवे नाव घ्यावे लागले: ‘जाकार्ता’. बेटावरून त्याच बेटावरच्या शहरात मुक्काम हलला, एवढेच. शहराचे जुने नाव ‘जयकर्ता’, ‘जयकृत’च्या वळणाचे, १५२७पासूनचे, मग डचांनी बटाव्हिया केले, ते पुन्हा जाकार्ता झाले. जेएसपीचा ‘जे’ त्यामुळे वाचला. पण २०२०च्या जाकार्ता ईई ९मध्ये ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पॅकेजची नावे ‘जाकार्ता’ झाली, आणि जुन्या टॉमकॅटवर कंपाइल झालेले पान टॉमकॅट १०वर चालेनासे झाले. क्लासच्या पोटात जुने नाव अक्षरांनी कोरलेले असते. लोडर ते शोधतो, त्याला मिळत नाही, आणि तो तसे सांगतो. बटाव्हियाच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र आजचा पोस्टमन कदाचित पोचवेलही. लोडर पोचवत नाही.

टॉमकॅट हाताशी असेल तर एक करून पाहा. ‘यादी’, ‘नवी-यादी’ आणि ‘१यादी’ अशी तीन पाने देवनागरी नावांनीच ठेवा, ब्राउझरमधून एकेकदा उघडा, आणि मग ‘वर्क’ फोल्डरात काय तयार झाले ते बघा. अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या जॅस्परने जशाच्या तशा ठेवलेल्या दिसतील. हायफन खाली गेलेला दिसेल. आणि आकड्याने सुरू होणाऱ्या नावाच्या आधी एक रेघ लागलेली असेल, कारण जावाचे नाव आकड्याने सुरू होत नाही, मग तो आकडा देवनागरी का असेना.